तिसऱ्या बाजाराची सुई

आयुष्यभर मी लोकांना 'आ करा' म्हणत आले. साहेबांपासून कोंबडीवाल्यापर्यंत सगळ्यांच्या पडजिभा मी पाहिल्या आहेत, आणि एकदा पडजीभ पाहिली की माणसाच्या हुद्द्याचं दडपण राहत नाही. मी दातांची डॉक्टर नाही, घशाचीही नाही. खरं तर ताप आल्यावर ज्याच्याकडे जातात तसली मी डॉक्टरच नाही. मी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. हा शब्द उच्चारून होईपर्यंत समोरच्याचा निम्मा रस संपलेला असतो. म्हणून भूगावच्या आमच्या सोसायटीत मी 'जंतूवाल्या मॅडम' आहे, आणि मला ते चालतं.

पुण्यातल्या एका संस्थेत घशातले आणि तोंडातले जंतू वाढवण्यात माझी नोकरी गेली. निवृत्त होऊन भूगावला राहायला आले तेव्हा वाटलं, आता जंतूंचा आणि माझा संबंध संपला. कसला संपतोय! वरच्या मजल्यावरचे एक आयटीतले गृहस्थ पहिल्याच आठवड्यात आले. तीन प्रकारच्या गुळण्यांच्या बाटल्या टेबलावर मांडून म्हणाले, "मॅडम, ॲक्च्युअली मला झीरो बॅक्टेरिया हवेत. यातलं बेस्ट कुठलं?" मी म्हटलं, "तोंडातले सगळे जंतू मारलेत तर रिकाम्या जागेत बुरशी येईल." त्यांनी बाटल्या बाजूला सारल्या आणि म्हणाले, "मग बुरशीसाठी काय घेऊ?"

दुसऱ्या एक बाई भांडणाचा निवाडा मागायला आल्या. त्या नातवाला भरवताना आधी त्याच चमच्यानं चव बघायच्या आणि सून त्यावरून कटकट करायची. आता दात किडवणारे जंतू बाळाच्या तोंडात बहुतेक घरच्याच प्रेमळ माणसांकडून जातात, हे मी काही बदलू शकत नाही. मी सुनेच्या बाजूनं निकाल दिला. तेव्हापासून त्यांच्याकडून येणारी अळूवडी बंद झाली. संशोधकानं सत्य सांगावं हे खरं, पण वडी खाऊन झाल्यावर सांगावं.

आता माझा धंदा थोडक्यात सांगते, नाहीतर पुढची गोष्ट कळायची नाही. स्ट्रेप्टोकॉकस हे आमचं मुख्य गिऱ्हाईक. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर गोल मण्यांची माळ दिसते, दिसायला अगदी गोजिरी. या घराण्यात भाऊबंद पुष्कळ. त्यातले बरेचसे आपल्या तोंडात जन्मभर मुक्काम करतात, दातांवर, जिभेवर, गालाच्या आतून. ही घरची माणसं. त्यातली काही खोडकर असतात, गोड मिळालं की आम्ल सोडून दात पोखरतात, पण एरवी आपापल्या जागी गपगुमान असतात. दुसरी पाती मात्र चोरांची. ती बाहेरून येते, घशात उतरते, घसा सुजवते, ताप आणते आणि बऱ्याचदा आपोआप निघूनही जाते. लोक म्हणतात, सुटलो. पण काही मुलांच्या बाबतीत खरा घोळ त्यानंतर सुरू होतो. शरीराचे शिपाई इतके खवळलेले असतात की चोर पळाल्यावर ते घरच्यांनाच झोडपायला लागतात. आज गुडघा सुजतो, परवा घोटा, तेरवा कोपर. आणि मग हृदयातल्या झडपा. सांध्यांची सूज उतरते, झडपेला लागलेली खोड राहते. पुढं अशा माणसाचा किडका दात काढला, तर तोंडातले ते गपगुमान घरचे जंतूसुद्धा रक्तातून जाऊन त्या दुखऱ्या झडपेवर बिऱ्हाड थाटू शकतात.

हा चोर पकडायची आमची रीत साधी. काडीला कापूस गुंडाळायचा, टॉन्सिलवरून फिरवायचा, समोरच्याला उमासा येतो, आपण शिंतोडे चुकवायचे. मग ती काडी बशीतल्या तांबड्या थरावर ओढायची. हा थर मेंढीचं रक्त घालून केलेला असतो. बशी अंगाच्या उबेइतक्या उबेत ठेवली की दुसऱ्या दिवशी ठिपके उगवतात. घरच्या जंतूंभोवती बहुतेक हिरवट डाग असतो. चोराभोवतीचं रक्त मात्र पार विरघळून स्वच्छ गोल कडं पडतं. जिथं सगळ्यात स्वच्छ दिसतं तिथं चोर बसलेला असतो. त्यामुळे फार स्वच्छ दिसलं की मला अजून संशय येतो, मग ते तोंड असो की माणसाचं चारित्र्य.

तर बारा-तेरा वर्षांपूर्वी आम्ही मुळशीतल्या वाड्यावस्त्यांवरच्या मुलांचे घसे तपासत होतो. भरे गावाच्या वर, जीप जिथं हात टेकते तिथून पायवाटेनं चढून गेलं की एक वाडी लागते. माणसं भातलावणीला जायची, करवंदं-हिरडे गोळा करायची, काही जण पिरंगुटच्या कंपन्यांत रोजावर. आमचे जीपवाले दगडूभाऊ आदल्या दिवशी जाऊन सांगून आले होते, "उद्या मॅडम येनार हायेत. पोरांना पारोशा तोंडानंच आना. चूळसुदिक भरू नका." कारण उघड आहे. चूळ भरली की काडीला यायचं ते वाहून जातं.

सकाळी शाळेच्या व्हरांड्यात गेलो तर मुलं ओळीनं उभी. भांग पाडलेले, तोंडाला पावडर फासलेली, दोघींच्या वेणीत नव्या रिबिनी. मला फार कौतुक वाटलं. तिथंच माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती, पण कौतुकाच्या आवाजात ऐकू आली नाही.

मुलांबरोबर ठकूआजी आली होती. काटक, बुटकी, आणि वाडीतल्या प्रत्येक गोष्टीत पहिलं बोलण्याचा मान जणू सरकारनंच दिलेला. तिनं बशीत वाकून पाहिलं.

"ह्ये कशाचं गं?"

"रक्त आहे त्यात, आजी. मेंढीचं."

"मंग मेंढी कापली व्हय?"

"नाही. ती जिवंत आहे. थोडंसं रक्त काढून घेतात."

"आन् तिला काय देता?"

"पेंड खायला घालतात."

"बरं हाय तिचं," ठकूआजी म्हणाली आणि आपल्या नातीला पुढं ढकललं.

नातीचं नाव सारिका. नऊ वर्षांची, डोळ्यांनी हसणारी. तिनं आ केला आणि मी चपापले. घसा जास्वंदीसारखा लाल. मी मनात म्हटलं, इथं चोर नक्की. काडी फिरवली, बशी बंद केली, आणि माझ्या अंदाजावर खूश होत खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी बशा उघडल्या तर सगळ्या वाडीच्या बशा विरळ. नेहमी ठिपक्यांची दाटी असते तिथं इथं एक, तिथं एक. आणि सारिकाची बशी तर पार कोरी. चोराचं कडं नाही, हे एकवेळ समजू शकते. पण घरच्या माणसांचाही पत्ता नाही? चोर आले नाहीत म्हणून घरातली माणसं कशी नाहीशी होतील? माझा सहकारी म्हणाला, "निगेटिव्ह लिहा आणि मोकळ्या व्हा." मला तसं मोकळं होता येत नाही, हा माझा जुना आजार आहे. कुणी चूळ भरली, मिठाच्या गुळण्या केल्या, तर जंतू विरळ होतात. ते असे मुळापासून नाहीसे व्हायला औषधच लागतं. आणि त्या वाडीत औषधाचं दुकान सोडाच, गोळी मिळेल असं घरही नव्हतं.

पुन्हा जीप मिळेपर्यंत पंधरवडा गेला. या वेळी पायवाटेवरच सारिका भेटली. डोक्यावर लहानशी कळशी, आणि प्रत्येक वळणाला थांबून ती कळशी खाली ठेवत होती. मी पन्नाशीला आलेली, चढावर माझा भाता चालणं स्वाभाविक होतं. पण त्या पोरीला माझ्यापेक्षा जास्त धाप लागली होती. गुडघा सुजून गरगरीत झालेला.

"कधीपासून दुखतोय?"

"आदी हा न्हवता दुकत. आदी घोटा दुकायचा. आता त्यो ऱ्हायला." ती हसून म्हणाली. मला हसू येईना.

ठकूआजी ओट्यावर बसून मिश्री लावत होती. तव्यावर तंबाखू भाजायची, कुटून पूड करायची आणि ती बोटानं हिरड्यांवर चोळत सकाळ काढायची, हा तिचा नेम. मी टेकल्या टेकल्या विचारलं, "आजी, खरं सांगा, त्या दिवशी पोरांनी तोंडं धुतली होती ना?"

तिला प्रश्नच कळेना. "मंग? तुमी शानीसुरती मानसं पुन्यावनं आमच्या तोंडात बगाया येनार, आन् आमी घान तोंडं उघडून हुबं ऱ्हायाचं व्हय? आमाला काय रीतभात न्हाई?"

म्हणजे झालं होतं असं. 'पारोशा तोंडानं या' असा निरोप मिळाल्यावर वाडीनं दगडूभाऊंना एकमतानं वेड्यात काढलं होतं. पाहुणा येणार म्हटल्यावर अंगण सारवतात, तसं वाडीनं तोंडं सारवली होती. मिठाच्या गुळण्या झाल्या, राखुंडी झाली, कुणी लवंगा चावल्या.

"आणि सारिका?"

"तिचं तर आतून लाल लाल झालं हुतं. त्ये तुमाला दिसलं तर काय म्हनशीला! म्हून माज्या दाढंच्या गोळ्या दिल्या तिला. लाल-पिवळ्या. दाढ ठनकत हुती तवा डाक्तरनं दिलेल्या. दाढ थांबली, मंग ऱ्हायलेल्या ठिवल्या हुत्या म्या."

"किती दिल्यात?"

"हुत्या तेवड्या."

मला हसू आलं आणि तिथंच विरलं. माझ्या आदरापोटी तिनं पोरीचा घसा झाडून घेतला होता. उरल्यासुरल्या गोळ्यांनी माझी बशी साफ झाली, आजार मात्र पुढं निघून गेला होता. फिरतं सांधेदुखणं, धाप. काळजाची झडप धरली असेल तर आता एकेक दिवस महत्त्वाचा होता. पोरीला त्याच दिवशी पुण्याच्या इस्पितळात न्यायला हवं होतं.

सारिकाचे वडील पिरंगुटला कामावर, आई लावणीला. आणि ते असते तरी घरात चालायचं ठकूआजीचंच. ती म्हणाली, "वाडीचं दुकनं हाय." वाडी म्हणजे वाढ. "मोहरीचं त्याल चोळतुया. दवाखाना नगं. हिचा आजा दवाखान्यात ग्येला त्यो परत आला न्हाई."

मी समजावलं, रागावले, हृदयाचं चित्र जमिनीवर काठीनं काढून दाखवलं. ते आंब्यासारखं आलं. दगडूभाऊंनीही आपलं वजन खर्च केलं. आजी हलेना. शेवटी चिडून मी विषय सोडून तिच्या मिश्रीवर घसरले. ही तंबाखू वाईट, हिरड्या जातात, कॅन्सर होतो, माझं नेहमीचं भाषण.

तिनं शांतपणे बोट तोंडातून काढलं. "कदी लावलीस?"

"काय?"

"मिश्री. कदी लावलीस का तू? न्हाई ना? न लावताच वाईट म्हनतीस. आन् मी दवाखाना वाईट म्हनलं की म्हनतीस, आजी, बगितल्याबिगर बोलू नगा." डबी माझ्यापुढं सरकली. "तू समद्यांच्या त्वांडात काड्या घालती. आज तुज्या त्वांडात जाऊ दे. तू मिश्री लाव, मी पोरगी घिऊन जीपीत बसती."

दगडूभाऊ दुसरीकडे बघायला लागले. तंबाखूच्या दुष्परिणामांवर शाळाशाळांतून बोलणारी मी, नावापुढं पीएच.डी. लावणारी मी. मी सारिकाच्या गुडघ्याकडे पाहिलं आणि बोट डबीत घातलं.

पहिल्या मिनिटाला नुसती जळजळ. दुसऱ्या मिनिटाला समोरचा डोंगर हळूच डावीकडे सरकला. मग उचकी लागली, घाम फुटला आणि मी व्यवस्थित, पदर सावरून, ओट्यावर आडवी झाले. सगळी वाडी जमली. ठकूआजीनं माझ्या तोंडावर पाणी मारलं, गूळ दिला आणि मग तिला जे हसू फुटलं ते काही थांबेना. ती तोंड वासून हसत होती आणि मी आडवी पडून वर बघत होते. त्या अवस्थेतही मला तिच्या गालाच्या आत एक पांढरा चट्टा दिसला. धंदा माणसाला सोडत नाही, तो असा.

"आजी," मी उचकी देत म्हटलं, "तुम्हालाही दाखवायचंय डॉक्टरला."

"आदी तू उट," ती म्हणाली. पण शब्दाला जागली. अर्ध्या तासात आम्ही चौघं जीपमध्ये होतो. पौड रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला मी उचकी दिली.

इस्पितळातल्या हृदयाच्या डॉक्टरांनी सारिकाच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. रक्ताच्या तपासणीत चोराच्या पाऊलखुणा सापडल्या, सोनोग्राफीत एक झडप किंचित गळताना दिसली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आत्ता थोडक्यात आहे. ही बरी होईल. पण हा ताप पुन्हा उलटला तर विशीत या मुलीला एक जिना चढवणार नाही." त्यावर उपाय एकच, पेनिसिलिनची लांब टिकणारी सुई. दर तीन आठवड्यांनी, मोठी होईपर्यंत, वर्षानुवर्षं. एकही चुकवायची नाही. ही सुई दुधासारखी पांढरी आणि दाट असते आणि इतकी दुखते की मोठी माणसं दिवसभर लंगडतात.

आजीचा चट्टा कॅन्सरचा निघाला नाही. डॉक्टरांनी मिश्री सोडायला सांगितली. तिनं मान डोलावली, आणि परतीच्या वाटेवर चांदणी चौकाच्या पुढं डबी काढली. तिची मिश्री मला अखेरपर्यंत सोडवता आली नाही. ही माझी हार मी मान्य करते.

पुढचा प्रश्न होता सुयांचा. मी तारखा सांगायला लागले तर ठकूआजीनं थांबवलं. "तारका तुज्याजवळ ऱ्हाऊ दी. बाजार कंचा त्ये सांग." आठवडे बाजाराला ती एरवीही खाली उतरायचीच. तीन आठवडे म्हणजे तिसरा बाजार. ठरलं. दर तिसऱ्या बाजाराला आधी आरोग्य केंद्र, मग सुई, मग लंगडत लंगडत बाजार, आणि लंगडण्याची भरपाई म्हणून सारिकाला कांदाभजी. सारिका कधीकधी चकवायला बघायची, "आजी, आज दुसराच बाजार हाय गं." आजी पिशवी उचलत म्हणायची, "गप. मागल्या बाजाराला सुकट घेतली, त्याच्या मागल्याला तुजी चप्पल. आज तिसरा."

माझं काम खरं तर तिथं संपलं होतं. संशोधनात सुया टोचणं बसत नाही. पण केंद्रातल्या नर्सबाई या सुईला घाबरायच्या, कारण क्वचित कुणाला पेनिसिलिनची जबर प्रतिक्रिया येते. म्हणून सुरुवातीला मी शेजारी नुसती उभी राहायचे. माझ्या उभं राहण्यानं काय होणार होतं देव जाणे, पण त्यांना धीर यायचा. मधे एकदा औषधच मिळेना. केंद्रात नाही, पिरंगुटला नाही. मी पुण्यातली दुकानं पालथी घातली. शेवटी एका जुन्या दुकानदारानं मागच्या फळीवरून दोन कुप्या काढल्या आणि विचारलं, "कोणासाठी?" मी म्हटलं, "नातीसाठी." खोटं बोलले. पण ते म्हटल्यावर फार बरं वाटलं.

त्या प्रकल्पावर माझा शोधनिबंध छापून आला. त्यात 'नमुना घेण्यापूर्वीच्या तोंडाच्या स्वच्छतेमुळे येणारी त्रुटी' असं एक वाक्य आहे. ते वाक्य म्हणजे ठकूआजी. पुढं आम्ही पद्धतच बदलली. पाहुणे म्हणून गेलं की तोंडं धुतली जातात, म्हणून काडी काढण्याआधी दोन-चारदा उगाच जायचं, चहा प्यायचा, पाहुणेपण घालवायचं. एकदा का 'ही काय, नेहमीचीच बया' असं वाटलं की माणूस खऱ्या तोंडानं समोर येतो. शास्त्रीय भाषेत हे लिहायला मला कधी जमलं नाही.

सगळीकडे असं जमलं नाही. दुसऱ्या एका वस्तीवरचा एक मुलगा चार-पाच सुयांनंतर आलाच नाही. त्याचं घर कामासाठी कुठं उठून गेलं ते दगडूभाऊंनाही सापडलं नाही. त्याला कोणी ठकूआजी नव्हती. त्याचा चेहरा मला अजून आठवतो, आणि वाईट वाटतं.

सारिका पंधराची होती तेव्हा ठकूआजी गेली. ऐन श्रावणात, झोपेतच. दगडूभाऊंनी फोनवर सांगितलं आणि मला आजीच्या दुःखाआधी दुसरंच आठवलं. येता बाजार तिसरा होता. आणि घरात सुतक.

बाजाराच्या दिवशी मी केंद्राच्या बाकावर जाऊन बसले. कोणी येईल असं वाटत नव्हतं. पण उन्हं वर आली तेव्हा सारिका फाटकातून आत आली, एकटी, आजीची पिशवी खांद्याला.

"आई म्हनली, सुतकात बाहीर जाऊ नगं," ती माझ्याशेजारी टेकत म्हणाली. "म्या म्हनलं, सुतकात देवळाला बंदी असती. सुईला कुटं हाय?"

मी तिथंच रडले. नर्सबाईही रडल्या, आणि त्या रडतायत तेवढ्यात सुई देऊनही झाली. बाहेर पडल्यावर सारिका लंगडत माझ्याबरोबर चालली होती. भज्यांच्या गाडीपाशी थांबली.

"मॅडम, सुतकात तळलेलं चालतं का वं?"

"डोंगरावर नाही चालत," मी ठोकून दिलं, "खाली चालतं."

नंतर त्यांचं घर पिरंगुटला आलं, मी निवृत्त झाले, फोन नंबर बदलले. 'जाऊन येऊ' म्हणता म्हणता वर्षं गेली. सुया चालू आहेत असं दगडूभाऊ सांगायचे. मग दगडूभाऊही मुलाकडे राहायला गेले आणि बातमी थांबली. पौड रस्त्यावरून जाताना मी डोंगराकडे बघायचे आणि हिशेब करायचे, आता ती विशीत आली असेल. डॉक्टरांचं ते जिन्याचं वाक्य मला दर वेळी आठवायचं.

या उन्हाळ्यात माझी दाढ गेली. जन्मभर दात किडवणाऱ्या जंतूंवर काम केलं, त्याचा त्यांनी असा सूड घेतला. भुकूमला एका नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे. निघण्यापूर्वी मी दोनदा दात घासले, मिठाच्या गुळण्या केल्या आणि वर लवंग चावली. अर्ध्या रस्त्यात लक्षात आलं की आपण काय केलं, आणि रिक्षात एकटीच हसत सुटले.

लिफ्ट बंद होती. प्रत्येक मजल्याला थांबत, कठड्याला धरत मी वर पोचले. खुर्चीत बसवून एका मुलीनं माझ्या गळ्याखाली कागदी रुमाल अडकवला. तोंडाला मास्क, हातात मोजे.

"बीपी आहे? शुगर? हृदयाचा काही त्रास?" नेहमीचे प्रश्न. मग तिनं विचारलं, "लहानपणी घसा दुखून नंतर सांधे सुजले होते का?"

हा प्रश्न मला आजवर कुठल्याही दातांच्या दवाखान्यात कोणी विचारला नव्हता. मी वर पाहिलं. मास्कच्या वर नुसते डोळे होते, आणि ते हसत होते.

"कोणी सांगितलं तुला हे विचारायला?"

"कुनी न्हाई. माजं मीच इचारती समद्यांना," ती म्हणाली आणि मास्क खाली ओढला. "वळकलं न्हाई व्हय मॅडम? मी जिन्यातच वळकलं तुमाला. लवंग चावून आलाय ना? हितवर वास येतुया."

"सारके!" मी तिचा हात धरला. "तुझी झडप कशी आहे? सुई..."

तेवढ्यात डॉक्टर आले आणि म्हणाले, "आजी, आ करा."

मग काय बोलणार? आधी तोंडात सुई, मग बधिरपणा, मग चिमटा. दाढ निघाली आणि तिच्या जागी कापसाचा बोळा बसला. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली. "तासभर बोलायचं नाही," असं बजावून ते दुसऱ्या खुर्चीकडे गेले. जन्मभर दुसऱ्यांची तोंडं उघडली, आणि ज्या दिवशी एकच प्रश्न विचारायचा होता त्या दिवशी माझं तोंड बंद. मी डोळ्यांनी, हातांनी विचारायला बघत होते. सारिका म्हणाली, "दुकतंय का? थांबा, तुमी नगा उतरू. खाली मेडिकल हाय, मी गोळ्या आनती."

ती गेली. तिची पावलं खाली उतरताना ऐकू आली, मग ऐकू येईनाशी झाली. मी खुर्चीची दांडी धरून बसले. थोड्या वेळानं ती पुन्हा वाजायला लागली. पहिला मजला, दुसरा, तिसरा. मधे थांबली नाहीत. दोन-दोन पायऱ्या गाळत वर आली. दार उघडून ती आत आली आणि गोळ्या माझ्या हातात ठेवून सलग बोलत सुटली, "ह्या सकाळ-संध्याकाळ, ही दुकलं तरच. आन् मॅडम, ह्या लाल-पिवळ्या पुऱ्या खायाच्या बरं का. दाढ थांबली म्हून ठिवायच्या न्हाईत."

मी मान डोलावली. तिला वाटलं मी गोळ्यांचं ऐकतेय. मी तिच्या छातीकडे कान लावून बसले होते. लिफ्ट बंद असलेले तीन मजले ती धावत चढून आली होती, आणि तिला धाप लागली नव्हती.